सपाट बुडाची सुपारी

१७ जानेवारी १९३४, बुधवार

आणि वर मलाच समजावतो हा रेवणसिद्धप्पा, "अक्का, एकट्या माणसाला खर्च जास्तच येतो." कसा येतो? मी काय दोन तोंडांनी जेवते? आगगाडीत एक पाय या बाकावर आणि दुसरा त्या बाकावर टाकून बसणार आहे का? यात्रेच्या पाटीवर स्वच्छ लिहिलंय: जोडप्यास रुपये साठ, एकट्या व्यक्तीस रुपये पन्नास. म्हणजे नवरा आणला तर तो दहा रुपयांत येतो आणि नाही आणला तर त्याच्या नसण्याचे वीस पडतात. असा महाग नवरा मी तरी पाहिला नाही.

पाटी मी तीनदा वाचली. दुसरीच्या पुढं शाळा नाही, त्यामुळं वाचायला वेळ लागतो. तर रेवणसिद्धप्पाला वाटलं मला कळलंच नाही. मोठ्यानं वाचून दाखवायला लागला. म्हटलं, ओरडू नका, कळलंय म्हणूनच भांडतेय.

हा रेवणसिद्धप्पा इथं सोलापुरात बाळीवेशीत यात्रा कंपनी चालवतो. यंदा शिवरात्रीला गोकर्ण. वाटेत विजापूर, बदामी, हुबळी. अकरा जोडपी नेणार आणि अकराही जोडप्यांना एकदम अभिषेकाला बसवणार, अशी हँडबिलं वाटलीत. मला अभिषेकाचं एवढं काही नाही. गोकर्णाला समुद्र आहे. सत्तेचाळीस वर्षांची झाले, हिप्परग्याच्या तळ्यापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही.

ह्यांना म्हटलं, चला. हे म्हणाले, "बघू." लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, हे बघतच आहेत. गाणगापूरला जाऊ, बघू. पुण्याला मावशीकडं जाऊ, बघू. मावशी मेली. मिलमध्ये कारकून आहेत, तिथं साहेबालाही असंच सांगतात की काय देव जाणे. शेवटी म्हटलं, मी एकटीच जाते. तर पान लावता लावता मान वर न करता म्हणाले, "जा." एकोणतीस वर्षांत एवढं एकच उत्तर झटक्यात मिळालं.

शेंगाचटणी कुटून, विकून तीन वर्षांत चाळीस रुपये जमवलेत. पन्नास नाहीत. असते तरी दिले नसते.

ही डायरी ह्यांना मिलकडून दरवर्षी मिळते आणि कोरीच ट्रंकेत जाते. यंदाची मी घेतली. कागद चांगला आहे. हे काही वाचायचे नाहीत, ह्यांना पंचांगापलीकडं वाचन नाही.

पेन्सिल बोथट झाली. पुरे.

१८ जानेवारी

पेन्सिल तासलेली सापडली. शेजारची शमशाद सकाळी पीठ मागायला आली होती, तिनंच तासली असेल. बरी आहे बाई.

रेवणसिद्धप्पा म्हणाला होता, "दुसरी एकटी बाई हुडकून आणा, दोघींना मिळून जोडीचा दर लावतो." सगळी गल्ली पालथी घातली. एकीला सासू सोडत नाही, एकीला सून सोडत नाही, एकीला नवरा सोडतो पण तिलाच त्याला सोडवत नाही. शमशाद म्हणाली, "मी आले असते की वहिनी, पण आमचा इसूफ टांग्यासकट मागं येईल. घोड्याचा दर काय हाय ते इचारा आधी."

२० जानेवारी, शनिवार

सापडलं!

एकनाथभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, त्यांच्याकडं आज सत्यनारायण होता. जाऊबाई बाळंतपणाला माढ्याला गेल्यात. मग पूजेला जोडी कुठली? भटजी म्हणाले, कनवटीला सुपारी लावा. लावली. झाली बायको. सुपारीसकट संकल्प सोडला, आरती झाली, कोणी हूं की चूं केलं नाही. पंगत बसली तेव्हा भावजींच्या शेजारचा पाट रिकामाच. सुपारी जेवत नाही, तिचं ताट मांडलं नव्हतं. हातातला शिरा तसाच राहिला माझ्या.

देवाला सुपारी बायको म्हणून चालते. मग रेवणसिद्धप्पाला नवरा म्हणून का चालू नये?

तशीच उठून बाळीवेशीत गेले. म्हटलं, मी जोडीनं येतेय. यजमान सुपारीच्या रूपानं येणार.

तो हसायलाच लागला. "अक्का, चेष्टा करताय व्हय?"

"चेष्टा कशाची? साठ रुपयांतले सुपारीचं रेल्वेचं तिकीट वजा करा. ती बटव्यात बसेल. सुपारीचं जेवण वजा करा. बारा अन् बारा चोवीस गेले. छत्तीस घ्या आणि नाव लिहा."

"आणि खोलीचं? मोटारीतल्या जागेचं?"

"ते जोडीचं दिलंय की छत्तिसात! मी कुठं फुकट मागतेय?"

तो बोटं मोडत बसला. मग कळलं, जेऊरच्या एका जोडप्यानं काल अंग काढून घेतलंय, नवऱ्याला संधिवात. त्याच्याकडं आता दहाच जोडपी. आणि हँडबिलावर छापलंय अकरा. गोकर्णाच्या भटजींनी अकराचाच ठराव केलाय, दहा जोडपी असतील तर प्रत्येकाचे वेगळे पैसे लावणार. म्हणजे एकट्याला खर्च जास्त येतो हे खरं, पण तो एकटा रेवणसिद्धप्पा आहे.

"सुपारी चालंल," तो शेवटी म्हणाला. "पण अक्का, रजिस्टरात यजमानाचं नाव पायजे. सुपारी असं न्हाय लिवता येत."

नाव मी कसं घेणार? आजवर घेतलेलं नाही. त्याच्या हातातला टाक घेतला आणि लिहिलं. लिहायला चालतं. वेणीमाधव, वय वर्षे चोपन्न. माझं अक्षर बरं आलं.

२ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. म्हटलं, पानाच्या डब्यातली एक सुपारी द्या, तुमच्या जागी न्यायचीय. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर बरं वाटलं असतं. डबा पुढं ओढला आणि निवडत बसले. एक घेतली, फिरवली, ठेवली. दुसरी घेतली, पाटावर उभी करून पाहिली, पडली, ठेवली. भाकरी करपायला आली. म्हटलं, अहो, सुपारी न्यायचीय, जावई नाही शोधायचा.

अर्ध्या तासानं एक माझ्यापुढं पाटावर ठेवली. उभी राहिली.

"बूड सपाट आहे," म्हणाले. "गाडीत गडगडणार नाही."

एवढ्यासाठी अर्धा तास.

६ फेब्रुवारी, मंगळवार. विजापूर

सकाळच्या गाडीनं निघालो. हे स्टेशनवर आले नाहीत, मिलचा भोंगा झाला होता. पिशवीत दुसरी एक पेन्सिल निघाली, टोक केलेली. चुकून आली असेल.

आम्ही दहा जोडपी आणि मी. माझ्यासमोर बार्शीचे शिवप्पा आणि त्यांची बायको सोनाबाई. शिवप्पांची धान्याची अडत आहे. पोट मोठं, आवाज मोठा, बटवा सगळ्यांत मोठा. होटगी यायच्या आत चार पानं खाल्ली. सोनाबाईनं विचारलं, "तुमचं मालक कुटं बसलं?" मी बटव्यातून काढून खिडकीशी ठेवले. खरंच गडगडले नाहीत.

शिवप्पांनी वाकून पाहिलं. "नमस्कार ओ, सावकार!" म्हणाले. मग बायकोला म्हणाले, "बघ, किती शांत हाय. न्हायतर मी."

"तुमी एक दिस तसं बसून दावा की," सोनाबाई म्हणाली.

धर्मशाळेत घोटाळा झाला. इथं पुरुष एका दालनात, बायका दुसऱ्या. पहारेकऱ्यानं रजिस्टर पाहिलं. अकरा पुरुष लिहिलेत, दालनात दहाच. अकरावा कुठाय? रेवणसिद्धप्पानं मला हाक मारली. मी सुपारी दाखवली. त्यानं नियम दाखवला: बायकांच्या दालनात पुरुष नको.

"अहो, सुपारी आहे!"

"रजिस्टरात सुपारी न्हाय, यजमान हाय."

शेवटी रेवणसिद्धप्पाच्या हाती दिले. पुढचं सात तारखेला सकाळी लिहितेय. आत्ता परत आणून दिले, म्हणाला, "यजमान घोरत न्हाईत." सगळे हसले. मला नाही हसू आलं. हे घोरतात. घोरण्यावाचून मला झोप लागली नाही, पण त्याचं कारण धर्मशाळेतले ढेकूण.

७ फेब्रुवारी

गोल घुमट पाहिला. वर गेलं की एका बाजूला पुटपुटलेलं पलीकडच्या बाजूला ऐकू येतं, आणि मोठ्यानं बोललं की घुमट तेच पुन्हा पुन्हा म्हणतो. आमच्यातल्यांनी कुत्र्यासारखं भुंकून पाहिलं, टाळ्या पिटल्या. मग सगळे खाली उतरायला लागले. मी मागं राहिले. पायऱ्यांनी गुडघे दुखत होते.

तिथं कोणीच नव्हतं. सुपारी हातात होती. म्हटलं, बघा तरी, केवढं आहे. मग काय झालं कळलं नाही, तोंडातून नाव गेलं. वेणीमाधव. हळूच म्हटलं होतं. घुमट मेला म्हणतच राहिला. मी पदर तोंडावर घेऊन उभी. शेवटचं विरतंय तोवर पलीकडून आवाज आला,

"ओ! काय म्हणताय?"

शिवप्पा! तिकडं कोपऱ्यात पान लावत बसले होते.

पुरुषाला जरा लाज असावी.

८ फेब्रुवारी

बदामी. पायऱ्या आणि माकडं. एका माकडानं बटव्याला हात घातला, त्याला छत्रीनं हाणलं. रात्री हुबळीला पोचलो. इथंही धर्मशाळा तसलीच. ह्यांना पुन्हा रेवणसिद्धप्पाच्या हाती द्यावे लागले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार. हुबळी

खाल्ला.

माझा नवरा शिवप्पांनी खाल्ला.

सकाळी रेवणसिद्धप्पाकडं मागितला तर तो घाम पुसायला लागला. काल रात्री पुरुषांच्या दालनात कोनाड्यात ठेवला होता म्हणे. पहाटे उठून शिवप्पांनी अंधारात पान लावलं. त्यांची सुपारी संपली होती. हात कोनाड्यात गेला.

मी शिवप्पांपुढं जाऊन उभी राहिले. केवढा मोठा माणूस, पण लहान झाला.

"वैनी, अंधारात दिसलं न्हाय. देवाशप्पत. लई कडक लागली, तवाच म्हटलं, ही आपली न्हवं."

"कडक लागली म्हणतात आणि वर!"

मग बायका जमल्या. एकीनं माझ्या कपाळाकडं पाहिलं. दुसरी म्हणाली, आता ह्यांना हळदीकुंकू लावायचं का नाही? मी म्हटलं, खबरदार, माझा नवरा सोलापुरात आहे, मिलमध्ये, यावेळी टेबलाशी बसलाय. ती म्हणाली, "पर हितला गेला की."

रेवणसिद्धप्पा म्हणाला, "त्यात काय, बाजारातून दुसरी आणू. पैशाला एक."

सोनाबाई उसळली. "दुसरी कशी आणता? नवरा काय बाजारात मिळतोय? एक गेला की दुसरा?"

मी म्हटलं, "गेला कुठं? तुमच्या ह्यांच्या पोटात आहे. तेव्हा अभिषेकाला शिवप्पाच दोन्हीकडं बसू देत."

ती लाल झाली. "म्हंजी माज्या नवऱ्याला दोन बायका?"

"मला हौस नाही!"

शिवप्पा मधे हात जोडून उभे. "मी ओकून टाकू का?" म्हणाले.

मोटारीत आणखी तमाशा. एका बाकावर एक जोडी. माझ्या शेजारच्या जागेवर रेवणसिद्धप्पानं स्वयंपाकाची पातेली ठेवली. म्हणतो, यजमान नाहीत, जागा मोकळी झाली. म्हटलं, छत्तिसात ही जागा दिलीय. माणूस गेला म्हणून जागा जाते का? पातेल्यांकडून तिकीट घेतलंत? घाट संपेपर्यंत पातेली त्याच्याच मांडीवर होती.

शेजारची जागा रिकामी राहिली. पाय पसरून बसता आलं असतं. नाही बसले.

१० फेब्रुवारी. गोकर्ण

नावेतून नदी ओलांडून आलो. गावात शिरताना यात्रेकरूंची डोकी मोजून पट्टी घेतात. रजिस्टरात बावीस. रेवणसिद्धप्पा म्हणाला, नवरा दाखवून दर कमी घेतलात, आता नवऱ्याची पट्टी भरा. मी म्हटलं, तो काल हुबळीत खाल्ला गेला. नाक्यावरच्या कारकुनाला कोणीतरी कानडीत समजावलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हात पुढं केला, मयताचा दाखला.

मी पट्टी भरली. दोन आणे गेल्याचं वाईट नाही वाटलं. त्या शब्दाचं वाटलं.

संध्याकाळी रेवणसिद्धप्पा पानावर तेवीस सुपाऱ्या घेऊन आला. "अक्का, निवडा. एक निवडा आणि मिटवा. अकरावी जोडी न्हाय झाली तर मी बुडालो. आणि जोडी मोडली तर तुमचा दर पन्नास. चौदा रुपये काढा. परतीचं तिकीट माज्यापाशी हाय, इसरू नका."

माझ्याकडं पावणेचार रुपये उरलेत.

एक निवडायची होती, बस्स. एका पैशाचं काम. मी पाटावर एक उभी केली, पडली. दुसरी उभी केली, पडली. तेवीसच्या तेवीस पडल्या. एकीचंही बूड सपाट नाही. म्हटलं, ह्यातली नको.

"अक्का, उभं ऱ्हाऊन करायचंय काय तिला? कवायत?"

म्हटलं, नको म्हणजे नको.

तो गेला, उद्या संध्याकाळपर्यंत सांगा म्हणून. आता लिहिताना माझं मलाच कळत नाही. एका पैशात मिटत होतं. चाळीस रुपयांसाठी तीन वर्षं शेंगा कुटल्या आणि आता चौदांसाठी इथं अडकून राहणार. पण हलक्या मालाला मी कधी पैसे दिलेले नाहीत, तेच कारण असेल.

११ फेब्रुवारी, रविवार

समुद्र पाहिला.

पाणी. इकडून तिकडं पाणी. आमच्या गल्लीत नळाला दोन घागरी येतात, त्यावरून रोज भांडणं, आणि इथं हे सगळं असं पडलंय. कोणी पाहणारं नाही, विचारणारं नाही. पाय बुडवले. खालची वाळू पायाखालून सरकते. पडते की काय वाटलं. शेजारी धरायला हात टाकला, तिथं कोणीच नव्हतं.

बघू म्हणतात. काय बघणार आहेत? बघायचं ते इथं आहे आणि हे तिथं पंचांग बघताहेत.

परत आले तर सोनाबाई दारात उभी. दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पदरातून काहीतरी काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. अर्धी सुपारी.

"ह्यांच्या बटव्यात घावली," म्हणाली. "ते कदी अख्खी खात न्हाईत. अडकित्त्यानं निम्मी करत्यात, निम्मी दुपारी. तुमी आरडाओरडा केल्यावर भ्यालं, बोललंच न्हाईत. आज बटवा झटकला तवा कळलं."

मी खालून पाहिली. आडवी फोडलीय. खालचा भाग राहिलाय. पाटावर ठेवली. उभी राहिली.

"रडताय का ओ?" सोनाबाई म्हणाली.

म्हटलं, खारा वारा आहे इथला.

रेवणसिद्धप्पाला अर्धी दाखवली. तो हिशेबच करायला लागला, अर्ध्या नवऱ्याला चौदातले सात सोडतो म्हणे. म्हटलं, आधी भटजींना विचारा, मग तुमचे सात.

१२ फेब्रुवारी, सोमवार. शिवरात्र

भटजी म्हातारे. त्यांनी सुपारी पाहिली, मला पाहिलं, पुन्हा सुपारी पाहिली.

"बाई, पुरुष सुपारी लावतो. बायकांनी लावायची रीत नाही."

"लावू नये असं कुठं लिहिलंय ते दाखवा. मी वाचते. वेळ लागेल, पण वाचते."

त्यांनी पोथीची चार पानं उलटली. मागं दहा जोडपी ओल्या सोवळ्यात कुडकुडत बसलेली. पोथी मिटली.

"आणि ही अर्धीच आहे."

"अर्धी ह्यांनी खाल्ली," मी शिवप्पांकडं बोट दाखवलं. शिवप्पांनी मान खाली घातली.

भटजींनी समईची वात सारली. मग पिंडीकडं पाहून म्हणाले, "ह्याचंच निम्मं अंग बायकोचं आहे. ह्याच्या दारात अर्ध्याला नाही म्हणणारा मी कोण. बसा."

बसले. अकरावी जोडी झाली. रेवणसिद्धप्पानं असा काही श्वास सोडला की समई विझली. संकल्पाला यजमानाचं नाव घ्यायला सांगितलं. सगळ्या बायकांनी कान टवकारले. मी घेतलं. घुमट नव्हता, एकदाच ऐकू आलं. पुरेसं होतं.

चौदा रुपये वाचले. सातही वाचले. हे पहिल्यांदा लिहायला हवं होतं, मागं राहून गेलं.

१३ फेब्रुवारी

पहाटे अर्धी सुपारी घेऊन पुन्हा समुद्रावर गेले. तिला वाळूवर उभी केली. लाट आली की उचलायची, गेली की ठेवायची. बराच वेळ हेच. कोणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर म्हणाले असते, बाईचं डोकं फिरलं. हे बोलत नाहीत, मी बोलले. हिप्परग्याचं तळं, शमशादचं पीठ, जाऊबाईंचं बाळंतपण, सगळं सांगितलं. घरी एवढं बोलायला सवड कुठं असते?

१७ फेब्रुवारी, शनिवार. सोलापूर

दुपारी पोचले. इसूफच्या टांग्यानंच आले. शमशाद दारातच उभी होती, माझी वळकटी उतरायच्या आत सांगायला लागली.

"वहिनी, तुमच्या साहेबांचं काय खरं न्हाय बघा. रोज दोन ताटं वाढत होते! मी खिडकीतनं बघितलं. एक आपलं, एक समोर. म्हटलं, पावणा आलाय. तर पावणा दिसंना. मग एक दिवस आमटी द्यायला गेले, तर दुसऱ्या पाटावर काय, एक सुपारी! वर कुंकू लावलेलं!"

आत गेले. खरंच. माझ्या पाटावर एक सुपारी, अख्खी, कुंकवाचं बोट लावलेली. समोर ताट. ताटात शेंगाचटणी वाढलेली. भातही होता, वाळलेला.

असा राग आला. मी तिकडं एक एक आणा जपून वापरतेय आणि हे इथं सुपारीला भात वाढून फेकून देताहेत! आणि तीही चांगली मोठी सुपारी, पूजेची. आणि कुंकू कोणी लावायला सांगितलं? मी मेले होते का?

संध्याकाळी मिलमधून आले. मला पाहिलं. पाटावरची सुपारी झटकन उचलून खिशात टाकली, चोरी पकडल्यासारखी.

म्हटलं, "हे काय?"

"काही नाही," म्हणाले. "जेवताना समोर कोणीतरी लागतं."

"मग मी होते तेव्हा मान वर करून बघत का नव्हता?"

खिशातली सुपारी चाचपत उभे राहिले. मी माझा बटवा उघडला आणि अर्धी सुपारी पाटावर ठेवली. सगळं सांगितलं, शिवप्पा, मयताचा दाखला, तेवीस सुपाऱ्या. ते नुसते त्या अर्धीकडं पाहत होते. बोटानं ढकलली. पडली नाही.

"बूड राहिलं," म्हणाले.

"राहिलं."

मग विचारलं, "समुद्र कसा होता?"

म्हटलं, "बघू."

हे हसले. एकोणतीस वर्षांत मी ह्यांचे सगळे दात आज पाहिले. दोन पडलेत. कधी पडले कोण जाणे.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज रेवणसिद्धप्पा घरी आला. पुढच्या हिवाळ्यात रामेश्वर. जोडप्यास नव्वद, एकट्या व्यक्तीस पंचाहत्तर. "सुपारी चालणार न्हाय," म्हणाला. "रजिस्टरात आता लिवलंय, यजमान हाडामासाचा पायजे. शिवप्पा आणि सोनाबाईंनी नाव दिलंय. शिवप्पा म्हणतात, वैनीला सांगा, मी सुपारी सोडली."

मी म्हटलं, आठ दिवसांत कळवते.

अहो,

तुम्ही डायरी वाचत नाही हे ठाऊक आहे, म्हणून ही उघडीच तुमच्या पाटावर ठेवतेय, ताटाच्या जागी. वाचल्याशिवाय जेवण वाढणार नाही.

रामेश्वरला दोन समुद्र आहेत म्हणे, एका बाजूला शांत, एका बाजूला खवळलेला. मी एकटीनं पाहणार नाही. पंचाहत्तर परवडत नाहीत हे एक. दुसरं काय ते तुम्हाला ठाऊक, मला विचारू नका. वाळू पायाखालून सरकते तेव्हा शेजारी कोणीतरी धरायला लागतं, सुपारीला हात नसतात.

२५ तारखेचं पान कोरं सोडलंय. रविवार आहे, तुम्हाला सुट्टी. दिवेलागणीच्या आत त्यावर उत्तर लिहायचं. येतो लिहा, नाहीतर येत नाही लिहा. बघू लिहिलंत तर तुमची अख्खी आणि माझी अर्धी, दोन्ही एका डबीत घालून रेवणसिद्धप्पाच्या हवाली करते. त्या दोघांना जाऊ दे जोडीनं रामेश्वरला, आणि आपण इथं एकमेकांकडं बघत बसू.

उत्तर रविवारी. पेन्सिल शेजारी आहे. यावेळी मी तासलीय.